दारावर कोणी

ग्रीन बँक, वेस्ट व्हर्जिनिया. नोव्हेंबर.
इथे मोबाईलला रेंज नाही, आणि ती नसावी
याचाच मला पगार मिळतो.
गाडी डिझेलची. पेट्रोल इंजिनातली ठिणगीसुद्धा
ताऱ्याहून मोठ्याने बोलते.
टपावर अँटेना, मांडीवर नकाशा,
आणि मी हिंडते गावभर,
कुणाच्या घरात काय कुरकुरतंय
ते हुंगत.

या वेळची तक्रार:
एक लाल तारा, सूर्यापुढे अगदी किरकोळ,
मधूनच भडकतो, रेडिओत ओरडतो.
सोळा वर्षं चालून ते ओरडणं
आमच्या दुर्बिणीच्या थाळीत पडतं तेव्हा
पुटपुटण्याइतकंही उरत नाही.
आणि त्यावर ऑगस्टपासून
ही कडकड. सुकी. थांबून थांबून.

काटा ओढत गेला ओढ्यापलीकडे,
वर्निस टॅलमनच्या घरापाशी.
वय शहाऐंशी. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू.
मी मागच्या दाराने गेले, तिथेच दिवा होता.

टोस्टर तपासला, पंप तपासला,
गोधडीखाली हात घालून पाहिलं.
ती चुलीला पाठ लावून बसलेली.
म्हणाली, तारे मला दिसत नाहीत हल्ली,
तुम्ही ऐकता म्हणे.

म्हटलं, तारा नुसता उजेड थोडाच टाकतो.
तुमच्या पाठीला आत्ता जे लागतंय ना,
तेही टाकतो.
माझी आई ज्याच्या भीतीने
मला दुपारची अंगणात सोडत नसे, तेही.

मग तिने कपाटातून पिवळं पाकीट काढलं.
होबर्टची छाती. काळी काच, पांढऱ्या फासळ्या,
आणि सदतीस वर्षांचा कोळसा
ठिपक्याठिपक्यांनी.
हे ज्याने काढतात, तेही का?
तेही. पण ते खाली पोचत नाही,
वरच्या वर हवा खाऊन टाकते.
हवेला मोठी दारं दोनच, मावशी,
एक डोळ्याचं, एक आमचं.
(इंग्रजीत मावशी नाही. मिसेस टॅलमन म्हटलं असेन.)

ती फिल्म खिडकीशी धरून राहिली,
दिसत नसताना.
एवढी हवा आहे होय वर, म्हणाली.
याला तर कधी पुरली नाही.

यावर काय बोलायचं असतं
हे कुठल्या प्रशिक्षणात शिकवलं नव्हतं.
मी यंत्र उचललं आणि बाहेर गेले.

पुढच्या दारी सापडलं.
पायरीवर पानांचा खच, पाऊल एकही नाही.
वेल चढत चढत घंटेच्या बटणावर आलेली,
तिचा एक कोवळा आकडा
बटण अर्धवट दाबून बसलेला.
आत तारेला तार लागेना, सुटेना,
नुसती ठिणगी.
घंटा केव्हाच गंजलेली, म्हणून घरात चिडीचूप.

म्हणजे ऑगस्टपासून
तिच्या दारावर कोणीतरी होतं,
आणि ते ऐकू येत होतं फक्त
शंभर मीटरच्या त्या पांढऱ्या कानाला,
ज्याला ते नको होतं.

मी वायर तोडली. वेल तोडली नाही.
गाडीतल्या पडद्यावर रेघ सपाट झाली,
आणि बऱ्याच वेळाने, अगदी तळाशी,
काहीतरी हललं असं वाटलं.
एवढ्याशा अँटेनाला तारा ऐकू येत नाही.
मला माहीत आहे.

आता कुणी आलं तर कळणार कसं, तिने विचारलं.
आमच्या अंबाजोगाईत घंटा नव्हतीच कुणाकडे.
कडी वाजवायचे.
कशी?
मी बाहेर पडले, जाळीचं दार ओढून घेतलं,
आणि वाजवली.

कोण आहे? ती आतून ओरडली,
मी दोन हातांवर उभी,
तरी खरंच माहीत नसल्यासारखी,
आणि खुर्ची सरकल्याचा आवाज आला.